ब्रूनोला मटण द्या, नळी नको

पत्र: "नमस्कार मॅडम. आम्ही इंदिरानगरला राहतो. आमचा ब्रूनो चार वर्षांचा लॅब्राडोर, वजन ३६ किलो. आजवर सकाळी दूध-भाकरी, रात्री घरात जे शिजेल ते, रविवारी मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी, असंच त्याचं खाणं होतं. दोन आठवड्यांपूर्वी धाकट्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून ते सगळं बंद केलं. आता ब्रूनो फक्त कच्चं खातो. चिकनच्या माना, बकऱ्याची कलेजी, फुफ्फुस, मटणाच्या नळ्या. केस चमकायला लागलेत. शी थोडीशीच होते, पांढरी, खडूसारखी. मुलगा म्हणतो, हेच चांगलं लक्षण. पण परवापासून ब्रूनो शी करताना कुंथतोय. लेकीला सातवा लागला की ती बाळंतपणाला इकडे येणार, म्हणजे पुढच्याच महिन्यात. बरोबर दीड वर्षाचा नातू. फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी कच्च्या नळ्या बघून माझ्या पोटात गोळा येतो. मुलगा विचारतो, 'लांडगा काय कुकर लावतो का?' मला उत्तर सुचत नाही. काय करू?" – एक आई, नाशिक

ताई, लांडग्याचं नंतर बघू. आधी त्या कुंथण्याचं.

पांढरी, कोरडी, चिमटीत धरली तर भुगा होणारी शी म्हणजे पोटात गेलेल्या हाडांचा चुरा. शी थोडी झाली म्हणजे अन्न अंगी लागलं, असं त्या व्हिडिओंत सांगतात. मांस चांगलं पचतं, त्यामुळे शी कमी होते, इथपर्यंत खरं आहे. पण रंग पांढरा झाला की समजायचं, हाड जास्त झालं. हा चुरा मोठ्या आतड्यात साठतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि शेवटी सिमेंटसारखा गोळा अडकून बसतो. मग भूल देऊन, एनिमा देऊन तो गोळा बोटाने फोडत फोडत बाहेर काढावा लागतो. मी हे पुष्कळदा केलं आहे. टेबलावर आणलेला तो कुत्रा कुंथून कुंथून इतका थकलेला असतो की सुई टोचताना मानसुद्धा वर करत नाही.

म्हणून हाड आजपासून बंद. आज दिवसभरात ब्रूनोला साफ झाली नाही, एकदा जरी उलटी झाली, त्याने खाणं सोडलं, पोटाला हात लावू देईनासा झाला किंवा शीत रक्त दिसलं, तर उद्याची वाट बघू नका. जवळच्या पशुवैद्याकडे न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. हाड एक्स-रेमध्ये सहसा स्पष्ट दिसतं. घरी एरंडेल पाजू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी तर मुळीच काढू नका. टोकदार तुकडा आला त्या वाटेने परत फिरला तर अन्ननलिका चिरते.

आता मुलाकडे वळू. त्याच्यावर रागावू नका, कारण त्याचं निम्मं बरोबर आहे. ३६ किलोच्या लॅब्राडोरला दूध-भाकरी आणि उरलंसुरलं पुरत नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात, आणि वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही. दोन आठवड्यांत केस चमकायला लागले ते पोटभर मांस आणि चरबी मिळाली म्हणून. ही चमक मांसाची आहे, कच्चेपणाची नाही. तेच मांस शिजवून दिलं तरी केस तसेच चमकतील. मुलाला पहिल्यांदा हे सांगा की तू ब्रूनोच्या ताटात मांस आणलंस ते चांगलं केलंस. मग पुढचं त्याच्या कानात शिरेल.

कच्च्या खाण्याचं हे वारं ऑस्ट्रेलियातून सुटलं. इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने १९९३ मध्ये ते मांडलं. कुत्रा हा मुळात लांडगाच, तेव्हा त्याला कच्चं मांस आणि मांसाळ हाडं द्या, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला पटतं. पण २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून तपासली. धान्यातला पिष्ट पदार्थ पचवायला अमायलेज हे विकर लागतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. भात-भाकरी त्याला चालते, फक्त तेवढ्यावर भागत नाही. आणि रानातला लांडगा साधारण सहा-आठ वर्षं जगतो. त्यांच्या कवट्यांमध्ये तुटलेले दात सर्रास सापडतात. ब्रूनोने बारा-तेरा वर्षं जगावं आणि म्हातारपणीही सगळ्या दातांनी खावं, अशी तुमच्या मुलाची इच्छा असणार. मग लांडग्याचा दाखला कशाला?

कुणी म्हणेल, प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्चंच देतात की. देतात. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि तो विषाणू खाण्यातल्या कच्च्या मांसातून आला असावा असाच संशय घेतला गेला. वाघाला दुसरा पर्याय नाही. ब्रूनोच्या घरात गॅस आहे.

जंतूंचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमची लेक येते आहे. चिकन सोलताना, साफ करताना आतड्यातले जंतू मांसाला लागतातच. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई कोलाय. आपल्याकडे समोर कापून घेतलेलं म्हणजे ताजं आणि ताजं म्हणजे स्वच्छ, असं आपण धरून चालतो. जंतूंच्या बाबतीत ते खरं नाही. हळद-मीठ चोळून, व्हिनेगर लावून ते मरत नाहीत. फ्रीजरमध्ये तर ते नुसते झोपून राहतात, बाहेर काढलं की उठतात. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आणि गरोदर बाईला त्याची बाधा झाली तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं. कच्च्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवीही असू शकतो. सातव्या महिन्यातली मुलगी त्याच फ्रीजमधून दही काढणार, त्याच सिंकमध्ये ग्लास विसळणार.

ब्रूनोला यातलं काही होईलच असं नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. कुत्र्याचं पोट दणकट. साल्मोनेला पोटात घेऊन तो मजेत हिंडतो आणि शीतून जंतू बाहेर टाकत राहतो. कच्चं खाणारा कुत्रा जेवण झाल्यावर काय करतो ते एकदा नीट बघा. स्टीलचं भांडं चाटून पुसून घेतो, नाक चाटतो, पुढचे पंजे चाटतो, ढुंगण चाटतो. नंतर येऊन आपल्याला चाटतो. दीड वर्षाचा नातू त्याच फरशीवर बसून बिस्कीट खाणार, अर्धं ब्रूनोला देणार आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या तोंडात घालणार. तुम्ही कितीही लक्ष ठेवलंत तरी हे होणारच. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नका अशी भूमिका घेतली, ती कुत्र्यांइतकीच घरातल्या माणसांसाठी होती.

पण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खुपलेला शब्द फुफ्फुस हा आहे. बकऱ्याचं फुफ्फुस स्वस्त मिळतं, मटणवाले कुत्र्यासाठी म्हणून पिशवीत असंच टाकतातही. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी असतात. त्यांना हायडॅटिड गाठी म्हणतात. ती गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे फीतकृमी वाढतात. कुत्र्याला काही त्रास होत नाही, शीत डोळ्यांना काही दिसत नाही. पण अंडी पडतात, शेपटीखालच्या केसांना, तोंडाला, अंगाला चिकटतात. तीच अंडी माणसाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशीच गाठ धरते, वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. मेंढपाळांच्या वस्त्यांवर, कत्तलीची घाण उघड्यावर टाकतात तिथे हा रोग पिढ्यानपिढ्या फिरत राहिला आहे. ब्रूनोच्या गळ्यात पडून झोपणाऱ्या नातवापर्यंत तो येऊ द्यायचा नाही.

सुदैवाने आपल्या हातात वेळ आहे. गाठ खाल्ल्यापासून अंडी पडायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, आणि ब्रूनोचं कच्चं खाणं सुरू होऊन दोनच झाले. या फीतकृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध लागू पडतं. जंतांच्या प्रत्येक गोळीत ते नसतं, तेव्हा दुकानातून कुठलीही गोळी आणून देऊ नका. डॉक्टरांना सांगा की याने दोन आठवडे कच्ची कलेजी आणि फुफ्फुस खाल्लंय, आणि ब्रूनोच्या वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल असलेली गोळी मागून घ्या. एक आत्ता, एक सहा आठवड्यांनी. शिजवलेली कलेजी थोडी थोडी द्यायला हरकत नाही. ती पौष्टिकच आहे. फुफ्फुस मात्र घरात आणूच नका.

आता हाडं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याचे सुईसारखे तुकडे पडतात, हे हल्ली बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून लोक कच्च्याकडे वळतात. कच्चं हाड कमी फुटतं, पण ते कडक असतंच. कुत्रा हाड फोडतो ते वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेने, आणि त्या दाढेचा बाहेरचा टवका एखाद्या फरशीच्या कपच्यासारखा उडतो. आतली नस उघडी पडते. कुत्रा ओरडत नाही, फक्त एका बाजूने चावायला लागतो. महिन्याभराने डोळ्याखाली सूज येते तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. हाडाने दातावरचा पिवळा थर निघतो हेही खरं आहे, पण त्यापायी दाढच गमवायची? चघळायला काही द्यायचं तर त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर ती वस्तू दातासाठी फार कडक. ब्रूनोला फ्रीजमधलं अख्खं गार गाजर द्या, किंवा कडक रबराचं पोकळ खेळणं घ्या आणि त्यात त्याचंच जेवण भरून द्या. दात घासायला कुत्र्यांची पेस्ट मिळते. आपली पेस्ट त्यांना चालत नाही.

आणि नळी. आपल्याकडे मटणवाला नळीचे आडवे तुकडे करून देतो, मधे भोक असलेले, बांगडीसारखे. काही वर्षांपूर्वी रविवारी दुपारी एक कुटुंब पंचवटीतून रिक्षाने माझ्याकडे धावत आलं. कुत्र्याच्या तोंडातून लाळेची धार, तो पंजांनी जबडा ओरबाडत होता, घरच्या माणसांचे हात रक्ताने भरलेले. आतला मगज चाटता चाटता नळीची ती कडी खालच्या सुळ्यांवरून सरकून जबड्यात पक्की बसली होती. घरच्यांनी तेल लावून ओढायचा प्रयत्न केला होता. त्यात हनुवटीची कातडी सोलून निघाली आणि सुजेमुळे कडी आणखी घट्ट झाली. भूल देऊन, कातडी आणि हाड यांच्यामध्ये पट्टी सरकवून, पातळ करवतीने ती कडी दोन ठिकाणी कापली तेव्हा सुटका झाली. तो कुत्रा वाचला. पण नळी म्हटलं की अजून मला आधी ती लाळ आणि त्या घरातल्या मुलीचं रडणं आठवतं. चिकनची मान मऊ असते म्हणतात. लॅब्राडोर चावत नाही, गिळतो. अख्खी मान घशाखाली अडकली की काय होतं ते तुमच्या मुलाने बघू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. दुकानात पाकिटात मिळणारी भाजलेली, धुरावलेली हाडंही तीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींत १५ कुत्री दगावल्याची नोंद होती.

तुमच्या बाजूची चूकही सांगायला हवी, ताई. रविवारचा रस्सा. आपण नाशिकची माणसं, कांद्याशिवाय आपल्याकडे काही शिजत नाही. कांदा कच्चा असो, तळलेला असो की वाटणातला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवल्याने त्याचं विष जात नाही, लसणाचंही नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी धोका, म्हणजे ब्रूनोसाठी दोन मध्यम कांदे. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. वाळवलेल्या कांद्यात विष एकवटलेलं असतं, म्हणून कांदा-लसूण मसाला सगळ्यात वाईट. लक्षणं लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते, कुत्रा जिना चढताना धापा टाकतो. द्राक्षांचंही लक्षात ठेवा. हंगामात आपल्या घराघरांत पेटी येते, मुलं प्रेमाने एकेक मणी कुत्र्याला भरवतात. द्राक्ष आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कुठल्या कुत्र्याला किती द्राक्षांनी होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नाही. नातू आला की पेटी उंचावर ठेवा.

मग ब्रूनोने खायचं काय? ३६ किलो हे कदाचित जास्त आहे. बरगड्यांवरून हात फिरवून बघा, हलक्या हाताला बरगड्या लागायला हव्यात. त्याला दिवसाला साधारण १३०० किलोकॅलरी पुरतील. अंदाज असा: ४०० ग्रॅम हाड काढलेलं, चामडी काढलेलं चिकन, दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, दीडशे ग्रॅम लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी, एक उकडलेलं अंडं, तीसेक ग्रॅम कलेजी, दोन चमचे तेल. कुकरला लावा, कांदा-लसूण-मसाला काही नाही, दोन वेळांत वाटून द्या. चिकनऐवजी कधी मटणाचा खिमा चालेल, चरबी कमी असलेला.

पण एवढ्यावर थांबू नका. मुलाचा कच्च्या खाण्याकडे ओढा होता त्यामागे एक खरी गोष्ट आहे: नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. कुत्र्याच्या जेवणात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून ते ओढून घेतं. चार महिन्यांचं एक जर्मन शेफर्डचं पिल्लू माझ्याकडे आलं होतं, नुसत्या बोनलेस चिकनवर वाढवलेलं, फार लाडाचं. सोफ्यावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेत हाडं काचेसारखी पातळ. हाड द्यायचं नाही तर कॅल्शियम दुसरीकडून आणायला हवं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरला मैद्यासारखी बारीक करा. एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम, रोजच्या जेवणात मिसळा. ब्रूनोचं कॅल्शियम तेवढ्यात भागतं. पानाचा चुना कुणी सुचवला तर ऐकू नका, तो तोंड आणि घसा भाजतो. आणि हे माप मोठ्या कुत्र्याचं आहे. पिल्लाला, त्यातही मोठ्या जातीच्या पिल्लाला, अंदाजाने कॅल्शियम देऊ नका. त्यांच्या हाडांना जास्त झालेलं कॅल्शियमही वाकवतं.

जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचं मिश्रण डॉक्टरांकडून लिहून घ्या. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत कुठला ना कुठला आवश्यक घटक कमी निघाला होता. माझी वरची पाककृतीही त्या मिश्रणाशिवाय अपुरीच आहे. एवढं रोज जमणार नसेल तर मोठ्या कुत्र्यासाठी संपूर्ण आहार असं लिहिलेलं चांगलं कोरडं खाणं आणा आणि त्यावर मूठभर उकडलेलं चिकन घाला. त्यात कमीपणा काही नाही. बाळंतपणाच्या धावपळीत तुम्हाला तेच सोपं जाईल.

ब्रूनोला साफ झाली की आधी दोन दिवस मऊ भात, उकडलेलं चिकन आणि भोपळा द्या, मग हळूहळू पूर्ण जेवणावर आणा. फ्रीजर आजच रिकामा करा. पिशव्या घट्ट बांधून घंटागाडीत द्या, गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकू नका. त्यांनाही तेच होतं. कप्पे साबणाच्या गरम पाण्याने धुऊन वाळवा. पुढे आणलेलं चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे ओट्यावर हातभर उडतात. सरळ कुकरमध्ये जाऊ द्या. ब्रूनोचं भांडं आणि त्याची घासणी वेगळी ठेवा. त्याची शी रोज उचला, आणि ते काम लेकीने करायचं नाही.

हे सगळं तुम्ही एकटीने उरकू नका. ज्या मुलाने दोन आठवडे पहाटे उठून ब्रूनोसाठी मांस तोललं, त्यालाच दवाखान्यात बरोबर न्या, एक्स-रे त्याला बघू द्या, टरफलाची पूड त्यालाच दळू द्या. आणि दुसऱ्या गोळीची तारीख त्याच्याच हाताने भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून घ्या.